चार तासांतलं वर्धा

माझ्या आईचं डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी असतं. आम्ही आंजीचे, म्हणजे वर्ध्यापासून तसे जवळचेच. गावच्या वाचनालयात मी काम करते. वाचनालय संध्याकाळी उघडतं, म्हणून सकाळ आईसाठी मोकळी. आठच्या सुमारास तिला यंत्रावर घेतात आणि बाराला सोडतात. मधले चार तास आम्ही बरोबरची माणसं बाहेरच्या लोखंडी बाकांवर बसतो. पहिला महिना मी पुस्तक घेऊन जायची. दुसऱ्या महिन्यात पुस्तक पिशवीतून काढणं बंद झालं. त्या बाकांवर माणूस काहीच करत नसतो आणि तरी संध्याकाळपर्यंत पार थकून जातो.

आम्ही सातआठ जण नेहमीचे होतो. एकमेकांची नावं कळायच्या आधी एकमेकांच्या माणसांची वजनं कळली, कारण आत घेताना सिस्टर वजन मोठ्यानं सांगायच्या. वजन जास्त भरलं, की त्या माणसानं दोन दिवसांत पाणी जास्त घेतलं असा त्याचा अर्थ. मग सगळे त्याच्या बायकोकडे बघायचे.

एक बाई मात्र कधी बाकावर दिसायची नाही. नवऱ्याला आत सोडायची, त्याच्या चपला पलंगाखाली नीट लावायची, आणि पाच मिनिटांत फाटकाबाहेर. बाराच्या आधी दहा मिनिटं परत हजर. पदरानं तोंड पुसत, पाय धुळीनं माखलेले. मला वाटलं, जवळपास कुठं धुण्याभांड्याचं काम धरलं असेल. एकदा मी विचारलंच.

"काकू, कुठं जाता हो रोज?"

"फिराले," ती म्हणाली.

मी हसले. ती हसली नाही. "खरंच सांगतो. फिराले जातो. येतं का?"

ही कांताबाई. वय बावन्न. हिंगणघाटच्या पुढं वडनेर आहे, तिथली. नवरा रामाजी हिंगणघाटला कापसाच्या एका जिनिंगमध्ये पंचवीस वर्षं कामाला होता. बीपीनं किडन्या गेल्या, हे कळलं तेव्हा कामही गेलं. एकुलती मुलगी पौर्णिमा चंद्रपूरला दिलेली, तिला दोन लहान पोरं. त्यामुळे सोमवारी आणि गुरुवारी पहाटे चारला उठायचं, भाकरी बांधायची, पहिल्या गाडीनं हिंगणघाट, तिथून दुसरी गाडी धरून वर्धा. परत जाईपर्यंत दिवस मावळायला आलेला. मधल्या दिवशी कोणाच्या शेतात निंदण, नाहीतर वेचणी. असं तिसरं वर्ष चाललं होतं.

फिरायचं कसं सुरू झालं, ते तिनं चालता चालता सांगितलं. सुरुवातीचे सहा महिने तीही बाकावरच बसायची. बसमध्ये बसून आलेली, परत बसमध्ये बसून जायची, मधेही बसलेली. पाय सुजायला लागले. सिस्टर म्हणाल्या, "बाई, जरा हलत जा, नाहीतर तुम्हालाही ॲडमिट करावं लागेल." म्हणून ती फाटकापर्यंत गेली. दुसऱ्या खेपेला चौकापर्यंत. एका दिवशी गाडीत रामाजींनी विचारलं, "चार तास कुठी होती?"

"गेटावर."

"अवं, वर्ध्यात येऊन गेटावर? इथी लोकं दूर दूरून पाहाले येतात. मी तं आत पडून छताकडं पाहून राह्यलो. तू पाहून येत जा न मले सांगत जा."

तसं ते सुरू झालं. रामाजींच्या आजारपणाआधी कांताबाई वर्ध्याला चारपाच वेळाच आली होती: मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी, एकदा मोर्च्याला, एकदा कोणाच्या लग्नाला. काम झालं की गाडी. एखाद्या शहरात काही काम नसताना पायी हिंडायचं असतं, हे तिला माहीत नव्हतं. खरं म्हणजे मलाही नव्हतं. आंजीहून वर्ध्याला मी शाळेपासून येते आहे, पण स्टेशन, कपड्याची दुकानं आणि कलेक्टर कचेरी सोडून मी तरी काय पाहिलं होतं?

आईला आत सोडून मी तिच्याबरोबर जायला लागले. माझा मोबाइल सिस्टरांकडे लिहून ठेवलेला असायचा.

कांताबाईचा हिशेब साधा होता. दोन तासांच्या आत जिथं पोचता येईल तिथपर्यंत जायचं आणि घड्याळात दहा वाजले की कुठंही असो, उलटं फिरायचं. ऑटो करायचा नाही. "बसून बसून तं कंबर गेली," ती म्हणायची. तिच्या हातात घड्याळ नव्हतं, साधा फोन होता. पायात प्लास्टिकच्या चपला. ती भराभर चालायची नाही. शेतावर जाणारी बाई जशी चालते, दम राखून, तशी. मी तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण गीताई मंदिरापर्यंत पोचताना मीच मागं पडायची.

गीताई मंदिराला छत नाही, मूर्ती नाही. उघड्या मैदानात माणसाहून उंच दगड ओळीनं उभे केलेले, आणि त्यांवर गीताईचे श्लोक कोरलेले. कांताबाई चौथीपर्यंत शिकलेली. ती एका खेपेला एकच दगड वाचायची. बोट अक्षरांवरून फिरवत, ओठ हलवत. एक दगड संपायला तिला पाऊण तास लागायचा.

"समजतं का काही?" मी विचारलं.

"थोडंथोडं. समजासाठी नाई वाचत मी. वाचनं मोडून गेलं होतं, ते पुन्हा जमते का पाहून राह्यली."

बाजूलाच विश्वशांती स्तूप. पांढराशुभ्र, चारी दिशांना बुद्धाच्या सोनेरी मूर्ती. तिथं ती चपला काढून वर जायची, चारही मूर्तींपुढं हात जोडायची, आणि मग सावलीच्या बाजूला फरशीवर पाय लांब करून बसायची. कॉलेजची मुलं फोटो काढत असायची. आतून कधी ढोलाचा आवाज यायचा. मी एकदा तिला म्हटलं, "इथं बरं वाटत असेल ना तुम्हाला?" ती म्हणाली, "सावली बरी हाय." थोड्या वेळानं म्हणाली, "पयल्या दिवशी आली तं रडली होती. आता नाई येत रडू. आता नुसतं बसतो."

मगन संग्रहालय आम्ही तीनदा पाहिलं आणि तिन्ही वेळा बाहेरून. आम्ही पोचायचो तेव्हा उघडलेलं नसायचं, आणि उघडायची वाट पाहिली तर बाराच्या आत परत येणं जमायचं नाही. तिसऱ्या खेपेला तिथं झाडणाऱ्या बाईनं आम्हाला खिडकीतून आतले चरखे दाखवले. कांताबाईनं कपाळाला हाताचा आडोसा करून काचेतून बराच वेळ पाहिलं. त्या दिवशी परतताना ती मनाशी मोजत होती: मोठे किती, लहान किती, एक पेटीसारखा. रामाजी विचारतील म्हणून.

लक्ष्मीनारायण मंदिरात आम्ही गेलो तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी सकाळीच आईचं आणि माझं भांडण झालं होतं आणि मी रस्ताभर एक शब्द बोलले नव्हते. एकोणीसशे अठ्ठावीस साली हे देऊळ अस्पृश्यांना खुलं झालं, ही गोष्ट मी शाळेत पाठ केली होती. ती मी दारातच कांताबाईला सांगितली. सांगून झाल्यावर मला अवघड वाटलं. ती कोण, मी कोण, आणि मी तिला हे सांगते आहे.

तिनं ऐकून घेतलं. आत आली. मूर्तीसमोर गेली नाही, कडेच्या खांबाला टेकून बसली आणि डोळे मिटले. दहा मिनिटांनी पुजाऱ्यानं दोघींच्या हातावर एकेक केळं ठेवलं. तिनं तिथंच सोलून खाल्लं.

बाहेर आल्यावर म्हणाली, "आमच्या घरी देव नाई. सासऱ्यानं छप्पनमधी नागपूरले दीक्षा घेतली. पन फरशी थंडी होती न पाय भाजून राह्यले होते. केळं काऊन नाई म्हनू? उपाशी होती मी."

पुढच्या सोमवारी तिनं मला रामाजींचं उत्तर सांगितलं. गाडीत तिनं देवळाचं वर्णन केलं, तेव्हा ते म्हणाले होते, "माह्या आजाले मालूम होतं ते. गावात खबर आलती का वर्ध्यात देऊळ उघडलं म्हनून. काही जन गेले पाहाले. आजा नाई गेला. निंदनाचे दिवस होते."

रामाजी बोलायला मजेशीर होते. यंत्रावरून उतरल्यावर चेहरा राखेसारखा व्हायचा, पण गाडीत बसले की प्रश्न सुरू. कोणत्या रस्त्यानं गेली? वाटेत काय लागलं? झाड कशाचं? तिनं चुकीचं सांगितलं की पकडायचे. "तू म्हनतं डाव्या हाताले, मंग येताना उजव्या हाताले आलं पायजे ना!" हिंगणघाट यायच्या आत ते तिच्या खांद्यावर झोपलेले असायचे. ती जागी. स्टँड चुकला तर पुढची गाडी दोन तासांनी.

त्यांना एक ठिकाण मनापासून ऐकायचं होतं. पवनार. जिनिंगमधल्या लोकांबरोबर तरुणपणी ते तिथं एकदा गेले होते. धाम नदी, तिच्यातले मोठमोठे काळे खडक, खडकावरची स्मारकाची छत्री, काठावर विनोबांचा आश्रम. त्या दिवशी सगळे पोहले होते, असं ते सांगायचे. लग्न झाल्यावर कांताबाईला नेईन म्हणाले होते. ते राहून गेलं.

"पवनारले गेली का?"

"दूर हाय ते. जाऊन येऊन चार तास नाई पुरत."

पुढच्या आठवड्यात पुन्हा. "पवनार?"

त्यांना दिवसाला अर्धा लिटर पाणी प्यायची परवानगी होती. भाजीतला रस, चहा, औषधाबरोबरचा घोट धरून अर्धा लिटर. कांताबाईनं घरी एक बाटली ठरवली होती. सकाळी भरायची आणि रात्रीपर्यंत पुरवायची. उन्हाळा लागला तसे ते तिला रात्री उठवायचे. पाणी मागायचे नाहीत. नुसतं म्हणायचे, "काही सांग." ती स्तूपाचं सांगायची, दगडांचं सांगायची. "ते नाई. पवनारचं सांग." ती म्हणायची, मी पाहिलंच नाही तर काय सांगू?

मार्चमधला एक सोमवार होता. कांताबाई आठ वाजायच्या आधीच माझ्याकडे आली.

"अंजू, मी आज पवनारले जाऊन येतो. जाताना पायी, येताना ऑटो भेटते. तू इथीच राहाजो. यायच्याकडं पाहाजो." नवऱ्याचं नाव ती घ्यायची नाही, 'यायचा', 'यायच्याकडं' असंच म्हणायची.

आईला त्या दिवशी बरं नव्हतं, मी तशीही जाणार नव्हतेच. मी हो म्हटलं. पवनार दवाखान्यापासून आठेक किलोमीटर आहे. ऊन तापायला लागलेलं. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि निघाली.

पावणेअकराला आतून यंत्राची घंटी वाजायला लागली. ती नेहमीच वाजते, म्हणून कोणी उठलं नाही. मग सिस्टर दारात आल्या. "रामाजींचे नातेवाईक कोण आहेत?"

मी उठले. "बाहेर गेल्यात. मी आहे."

"तुम्ही कोण लागता?"

मी चपला काढून दारापाशी गेले. सिस्टरांनी मला आत घेतलं. रामाजींचं बीपी उतरलं होतं, दोन्ही पायांत गोळे आले होते. पलंग पायाकडून वर केलेला, सलाईन सोडलेलं. एक सिस्टर त्यांची पोटरी दाबत होत्या. मी दुसरा पाय धरला. हाडाला कातडी लागलेली, आणि आत गोळा दगडासारखा घट्ट.

त्यांनी डोळे उघडले. "कांता आली का?"

"येतायत. निघाल्यात."

"नाई येनार इतक्यात. पवनार दूर हाय." श्वास घेत घेत ते म्हणाले, "मीच धाडलं तिले. सिस्टरले सांगजो. तिले बोलू नका म्हनजो."

मग त्यांनी पाणी मागितलं. सिस्टरांनी ओला बोळा ओठांवरून फिरवला. त्यांनी तो बोळा दातांत धरला आणि सोडेचनात. सिस्टर "काका, सोडा" म्हणाल्या तेव्हा त्यांनी सोडला आणि तोंड भिंतीकडे केलं.

यंत्र वेळेआधीच थांबवावं लागलं. साडेअकराला त्यांना बाजूच्या खोलीत हलवलं. बारा वाजले. माझी आई सुटली, तिला मी बाकावर बसवलं. साडेबारा झाले. पावणेअकरापासून मी दहा वेळा फोन लावला होता, उचलला गेला नाही.

पाऊण वाजता कांताबाई फाटकातून आत आली. ती पळत होती असं म्हणता येणार नाही. पळायची ताकद राहिली नव्हती. एक चप्पल हातात, तिचा पट्टा तुटलेला. तोंड लालभडक. मी पुढं होऊन सांगायला लागले तर तिनं मला बाजूला सारलं आणि आत गेली.

सिस्टर रागावल्या. त्या वाईट नव्हत्या, पण सकाळपासून उभ्या होत्या. "बाई, आत तुमचं माणूस आहे. बारा म्हणजे बारा. सही करायला कोणी नाही, आम्ही काय करायचं?"

कांताबाईनं मान खाली घालून ऐकलं. "चुकलं माहं." एवढंच बोलली. रामाजींजवळ जाऊन उभी राहिली. ते जागे होते. तिनं पलंगाखालच्या त्यांच्या चपला काढल्या आणि त्यांच्या पायात घातल्या.

त्यानंतर कांताबाईचं फिरणं बंद झालं. ती येऊन माझ्याशेजारी बाकावर बसायला लागली. पाठ भिंतीला, नजर दारावर. कोणी आतून आलं की उठायची. मी म्हटलं, "स्तूपापर्यंत तरी जाऊन येऊ, वीस मिनिटं." ती नाही म्हणाली. रामाजी गाडीत काही विचारत नव्हते, तीही काही सांगत नव्हती. पहिल्यांदाच तिला गाडीत झोप लागायला लागली, असं ती म्हणाली, पण सुखाची नाही.

त्या दिवसांत तिनं मला स्वतःबद्दल सांगितलं. माहेर कारंजा घाडगेकडचं. हायवेवरच्या एका ढाब्यावर आई पोळ्या लाटायची, आणि ही सात वर्षांची असल्यापासून भांडी घासायची. ट्रक थांबायचे, निघून जायचे. नागपूर तिकडं, अमरावती इकडं, एवढं तिला माहीत होतं. कुठल्याच बाजूला ती गेली नव्हती. सतराव्या वर्षी लग्न होऊन वडनेरला आली. तिथंही हायवे. "जनमभर सडकेच्या बाजूनं राह्यली मी," ती म्हणाली, "पन सडकेनं जानारी दुसरीच लोकं."

मी विचारलं, "त्या दिवशी ऑटो मिळाला नाही का?"

"नाई भेटला. काळीपिवळी जीपा आल्या त्या भरून आल्या. बस थांबली नाई. पायीच आली." आत कोणाच्या तरी यंत्राची घंटी वाजली, ती उठून पाहून आली, पुन्हा बसली. "पन ते सगळं नाई सांगतलं मी. ऑटोची वाट पाहाच्या आंधी मी तिथी बसून राह्यली."

"कुठं?"

"नदीत. पायऱ्या उतरून खाली गेली. बाया धुनं धुऊन राह्यल्या होत्या. मी एका खडकावर बसली न पाय पान्यात सोडले. आसरम पाह्यला नाई, छत्रीपाशी गेली नाई. यायच्यासाठी पाहाचं होतं सगळं, ते काहीच पाह्यलं नाई. फोन पिशवीत होता, वाजला अशीन. मले ऐकू आला नाई. का आला न मी उठली नाई, मालूम नाई. अंजू, मले असं वाटलं का आता कोनी उठवू नये. दवाखाना नाई, गाडी नाई, बाटली नाई. यायचीबी याद नाई आली. इकडं यायचा जीव जाऊन राह्यला होता न मले याद नाई आली."

मी तिचा हात धरला. मला माझी आई आठवली, आणि कितीदा तरी आईला आत सोडून फाटकाबाहेर पडताना मला वाटलेलं हलकेपण आठवलं. ते मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली. त्या दिवशी आम्ही दोघी बारापर्यंत तशाच बसून होतो.

एप्रिलच्या सुरुवातीला रामाजींनीच विषय काढला. हे कांताबाईनं मला पुढच्या गुरुवारी सांगितलं. गाडी हिंगणघाटच्या अलीकडं उभी होती, पुढं रस्त्याचं काम चाललं होतं, आत सगळे घामानं निथळत होते. रामाजी खिडकीशी होते.

"पानी होतं का नदीत?" त्यांनी विचारलं.

तिला वाटलं, तहानलेल्या माणसाला काय सांगायचं. म्हणाली, "नव्हतं. खडक उघडे पडले सगळे."

"खोटं बोलून राह्यली तू."

"काऊन?"

"तुह्या लुगड्याच्या काठाले रेती होती त्या दिवशी. चिकटून वाळलेली. मी पाह्यली."

मागं एक बाळ रडत होतं. रामाजी म्हणाले, "सांग ना व. कसं होतं?"

तेव्हा तिनं सगळं सांगितलं. पाणी किती होतं, कुठपर्यंत आलं, खडकाच्या बुडाशी शेवाळ कसं होतं, बायांच्या आपटण्याचा आवाज पलीकडच्या काठावरून कसा परत येत होता. आणि पुढचंही सांगितलं: आपण बसून राहिलो, आपल्याला उठावंसं वाटलं नाही, तुमची आठवण आली नाही. हे सांगताना तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, समोरच्या सीटच्या दांड्याकडे पाहत बोलली.

रामाजींनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "मंग अजून बसाचं होतं थोडं."

"तुमी तिकडं मरून राह्यले होते!"

"मेलो तं नाई ना. बसाचं होतं."

हे सांगताना कांताबाई पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. पदर तोंडावर घेऊन, आवाज न करता. बाकावरच्या लोकांनी आमच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. तिथं कोण कधी रडेल याचा नेम नसतो.

ती पुन्हा चालायला लागली, पण जवळपासच. गांधी पुतळ्यापर्यंत, आंबेडकर चौकापर्यंत, उन्हं फार नसली तर स्तूपापर्यंत. फोन हातात धरून. अर्ध्या अर्ध्या तासानं मला किंवा सिस्टरांना लावून विचारायची, "ठीक हाय ना?" पायही आता पूर्वीसारखे उचलत नव्हते. एका पायाची टाच भेगाळून फाटली होती, ती बरीच होत नव्हती. मी म्हटलं, राहू द्या आता. ती म्हणाली, "सांगतलं नाई तं त्याईले करमत नाई." वर्ध्यातलं नवं काही उरलं नव्हतं, तेव्हा ती तेच रस्ते पुन्हा सांगायची. कोणत्या दुकानाला नवा रंग दिला, कोणतं झाड तोडलं. रामाजींची ऐकायची ताकदही कमी होत चालली होती. प्रश्न थांबले. एकदा ती बोलत असताना त्यांनी हात वर केला, म्हणजे पुरे.

श्रावणात, एका रविवारी दुपारी, रामाजी घरीच वारले. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. बाकावर जागा रिकामी राहिली तेव्हा आम्हाला अंदाज आला. सिस्टरांनी फोन लावला आणि मग आम्हाला सांगितलं. त्यांच्या वेळेला पंधरा दिवसांत दुसरा पेशंट आला, सेलूकडचा एक शिक्षक.

महिन्याभरानं कांताबाई उपचारांच्या सरकारी योजनेच्या कागदांवर शिक्का घ्यायला आली. पांढरी साडी, हातात प्लास्टिकची फाइल. शिक्का अर्ध्या तासात मिळाला. माझ्या आईला सुटायला अजून तीन तास होते. आम्ही कँटीनमध्ये चहा घेतला. ती नीट बोलली, पौर्णिमा आठ दिवस राहून गेली, चंद्रपूरला चल म्हणते, मी नाही म्हटलं, असं सगळं.

मी म्हटलं, "गाडीला वेळ आहे. गीताई मंदिरापर्यंत जाऊन येऊ? तुमचे दगड राहिलेत वाचायचे."

तिनं थोडा विचार केला. "नाई व. कोनाले सांगाचं हाय आता." मग मला वाईट वाटलं असेल असं वाटून म्हणाली, "पायच उठत नाई अंजू. तीन वर्सं चालली ते आता दुखून राह्यलं. तवा दुखाले टाइम नव्हता."

चहा संपला तरी ती गेली नाही. बाकावर माझ्याजवळ बसली, तीन तास. अधूनमधून डुलकी घेत. आईला सोडलं तेव्हा तिनंच एका बाजूनं धरलं आणि आम्हाला ऑटोपर्यंत आणून बसवलं.

आता आमचं फोनवर बोलणं होतं, महिन्यातून एकदोनदा. आईचं चाललंय तसंच चाललंय. मी कधीमधी एकटी स्तूपापर्यंत जाते, पण एकटीला तो रस्ता लांब वाटतो, निम्म्यातून परत येते. परवा सकाळी मी तिला फोन केला. कापसाची वेचणी सुरू झाली आहे. तिच्या मागं बायांचा गलका ऐकू येत होता.

"कशा आहात?"

"बरी हाय. रोज जानं हाय वेचाले. वाकून वाकून पाठ राह्यली नाई."

"मग एखादा दिवस घरी राहायचं ना, काकू."

"घरी राहून काय करू? घर मोठं वाटते." कोणीतरी तिला हाक मारली. ती फोन बाजूला धरून ओरडली, "आली, आली!" मग मला म्हणाली, "गाडी आली वेचनारनीची. सगळ्या बसल्या, मीच राह्यली. तुह्या मायले सांगजो, मी विचारत होती म्हनून. ठेवतो."